चिठ्ठीवरची चौथी ओळ

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या रक्ततपासणीचा अहवाल आला, त्यात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ होता. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, म्हणजे मी अजून उंबरठ्याच्या अलीकडे होते, पण पाय उचललेला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. पहिल्या ओळीत रक्तदाबाची गोळी, दुसरीत कॅल्शियम, तिसरीत आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची ड जीवनसत्त्वाची पुडी आणि चौथ्या ओळीत, जरा घाईच्या अक्षरात, ‘रोज ४५ मिनिटे चालणे, भाज्या-फळे जास्त, मीठ-तेल कमी’. नाशिकच्या निमाणी बसस्थानकाजवळच्या औषधांच्या दुकानातल्या मुलाने पहिल्या तीन ओळींपुढे पेनाने बरोबरची खूण केली, गोळ्या कागदी पाकिटात घातल्या आणि चिठ्ठी परत दिली. चौथ्या ओळीपुढे खूण नव्हती. तो माल त्याच्याकडे नव्हता.

हा माल मग ठेवतो कोण, हा प्रश्न त्या दिवशी गंमत म्हणून मनात आला आणि नंतर जाईना. पस्तीस वर्षे मी शाळेत शिकवले. ‘आपले आरोग्य आपल्या हाती’ हा सुविचार मीच किती वेळा फळ्यावर लिहिला असेल. तो खोटा आहे असे आजही मी म्हणणार नाही. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह, आणखी १५.३ टक्के माझ्यासारखे उंबरठ्यावर आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. इतकी माणसे एकाच पिढीत अचानक आळशी आणि चटोर झाली, हे मला पटत नाही. माझी आई माझ्यापेक्षा जास्त निग्रही होती असेही नाही. वाड्यात राहणारी ती बाई दिवसातून दोनदा गंगेवर जाई, भाजी आणायला पायी जाई, देवदर्शनाला पायी जाई, आणि त्याला ती व्यायाम म्हणत नसे, कारण दुसरी सोयच नव्हती. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये.) आईच्या वाट्याला आले ते चालणे तिच्या शहराच्या आखणीतून आले होते, आणि माझ्या वाट्याला आले ते न चालणेही तसेच आले आहे.

चालायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की मी बहुतेक वेळ फूटपाथवर नसतेच. घरापासून बाजाराच्या दिशेने जाणाऱ्या त्या रस्त्याला फूटपाथ आहे, तो कागदावर अखंडही असेल. प्रत्यक्षात दर इमारतीच्या फाटकापाशी तो तुटतो, मध्ये विजेचा डीपी उभा असतो, पुढे चेंबरचे झाकण चार बोटे वर आलेले असते, त्यापुढे दुकानाची पाटी आणि दोन स्कूटर. एके दिवशी मोजले, तर साडेआठशे पावलांत मी अकरा वेळा खाली उतरून पुन्हा वर चढले होते. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांना हे वाचून काहीच वाटणार नाही. माझ्या गुडघ्यांना मात्र चौथ्या खेपेपासून हिशेब लागतो, आणि मग मी गाड्यांच्या बाजूने, रस्त्याच्या कडेने चालू लागते, जसे शहरातले सगळे म्हातारे चालतात.

शिक्षिकेची खोड म्हणा, पण एका सकाळी मी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकून नेली. शाळेजवळच्या वळणावर फूटपाथची कड रस्त्यापासून नऊ इंच उंच निघाली. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे म्हटले आहे. १.८ मीटर म्हणजे दोन बायका पिशव्या घेऊन एकमेकींना न घासता जाऊ शकतील एवढी जागा. मी वाकून टेप लावत असताना तिथला पेरूवाला बघत होता. “ताई, महापालिकेतून आल्या का?” त्याने जरा दबकत विचारले. नाही म्हटल्यावर तो मोकळा झाला आणि कडेला टेकवून ठेवलेला एक चपटा दगड दाखवून म्हणाला, “म्हाताऱ्या माणसांना चढता येत नाही, म्हणून मीच आणून ठेवला.” त्या दगडाची उंची साडेचार इंच होती. नऊ इंचांच्या दोन पायऱ्या झाल्या होत्या.

त्यानंतर मी मुद्दाम १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम काढून वाचला. हा कायदा महापालिकेच्या कामांचे दोन गट करतो. काही कामे तिने केलीच पाहिजेत आणि काही ती स्वेच्छेने करू शकते. पाणी, गटारे, दिवाबत्ती, रस्ते, प्राथमिक शिक्षण आणि सार्वजनिक मंडया पहिल्या गटात येतात. बागा, मैदाने, रस्त्याकडेची झाडे, पोहण्याचे तलाव, शाळेतल्या मुलांना आणि गरोदर बायांना दूध पुरवणे ही कामे दुसऱ्या गटात आहेत. त्याच यादीत ‘सार्वजनिक ठिकाणी लोकांसाठी संगीत’ हेही आहे. कायदा लिहिणाऱ्या त्या अनाम कारकुनाला किंवा सचिवाला मनोमन नमस्कार केला, कारण १९४९ साली, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशात, कुणाला तरी शहराने लोकांसाठी गाणे-बजावणे ठेवावे असे सुचले होते. तरीही मुद्दा राहतोच. ज्या कामांनी माणूस आजारी पडणार नाही, त्यातली बरीचशी ऐच्छिक विषयात टाकलेली आहेत आणि ऐच्छिक विषयाचा तास वेळापत्रकात कुठे असतो ते शिक्षकाला सांगावे लागत नाही. शेवटचा, शनिवारी.

मंडई तेवढी अनिवार्य आहे, आणि म्हणून आता बाजाराकडे वळते.

नाशिकचा बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. एरवी जिथे भाविक आणि कबुतरे असतात, त्या घाटाच्या फरशीवर सकाळपासून गोणपाटे पसरली जातात आणि त्यांवर मेथी, शेपू, करडई, तांदुळजा, आंबट चुका, पावसाळ्यात कर्टुली, थंडीत हरभऱ्याची भाजी आणि वालाच्या शेंगा असा सगळा मळा येऊन बसतो. पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले की बाजार वर सरकतो, उतरले की खाली येतो. नदीच्या मर्जीने जागा बदलणारा असा बाजार मला अन्यत्र पाहिल्याचे आठवत नाही. संध्याकाळी उन्हे कलल्यावर भाव पडतात. जुडीचा हिशेब सुटून वाटा सुरू होतो, आणि ज्यांना भाजी परवडत नाही असे आपण म्हणतो त्या बायका नेमक्या त्या वेळी पिशव्या भरताना दिसतात. भाजी त्यांनाही हवीच असते. दिवसाची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा त्यांच्यासाठी उघडी राहिली पाहिजे, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खायला सांगते, आणि कंदमुळांतला बटाटा त्यात धरत नाही. आम्ही घरात दोघे. दोघांचे दिवसाला ८०० ग्रॅम, आठवड्याचे साडेपाच किलोंच्या वर. एका बुधवारी मी भाजीवाल्या मावशींना तेवढे वजन करून मागितले. दोन्ही पिशव्या भरल्या, वर एक पपई काखेत. पंचवीस मिनिटांची वाट मी चालत आले होते ती चालायला मिळावे म्हणून, आणि परतीला मला रिक्षा करावी लागली. रिक्षात बसल्या बसल्या कळले की डॉक्टरांच्या चौथ्या ओळीतला पहिला स्वल्पविराम साधा नाही. अलीकडचे चालणे आणि पलीकडची भाजी एकमेकांना धरून असायला हवी. बाजार आठवड्यातून एकदा आणि लांब असेल तर ती एकमेकांच्या विरोधात जातात. दर दोन दिवसांनी, दोन किलोंची पिशवी सहज पेलवेल एवढ्या अंतरावर भाजी मिळाली, तरच दोन्ही साधतात. त्याहून दूर गेले की माणूस स्कूटर काढतो, किंवा फ्रिजमधले बटाटे बाहेर काढतो.

हे अंतर कमी करणारी एक व्यवस्था आपल्या शहरात आधीपासून आहे आणि तिला आपण अतिक्रमण म्हणतो. सकाळी सातला ‘भाजी घ्या भाजी’ करत येणारी हातगाडी ही माझ्या मते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तोडीची सोय आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती हवी, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी नकोत, त्यांची पाहणी होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळावे आणि त्या त्या प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत. इथे माझ्यातच दोन बायका भांडतात, हे कबूल केले पाहिजे. चालणारी बाई म्हणते, हातगाड्या फूटपाथवरून हटवा. खाणारी बाई म्हणते, हटवाल तर याद राखा. दोघींचे समाधान होईल असा मार्ग मात्र गूढ नाही. फूटपाथ रुंद असेल तर एका कडेला पट्टा आखून गाडीला कायमची जागा देता येते. रुंद नसेल, तर जवळच्या रस्त्यावरच्या दोन मोटारींच्या पार्किंगच्या जागेत चार हातगाड्या मावतात. मोटार दिवसभर फुकट उभी राहिली की ती सोय ठरते, आणि हातगाडी उभी राहिली की अडथळा. असा रिवाज कसा पडला, ते कुणी तरी शोधून काढायला हवे.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मंडईची नवी इमारत ओस पडलेली आणि विक्रेते समोरच्या रस्त्यावर बसलेले दिसतात. याचा दोष विक्रेत्यांच्या आडमुठेपणावर टाकणे सोपे असते. पण भाजी ही वाटेवरची खरेदी आहे. कामावरून घरी जाणारी बाई जिन्याने वर चढून, आतल्या गाळ्यात जाऊन कोथिंबीर घेत नाही. ती ज्या वाटेने जाते त्याच वाटेवर कोथिंबीर असावी लागते, हे मावशींना ठाऊक असते.

शाळेच्या फाटकाविषयी मी अधिकाराने बोलू शकते. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर प्रमाणाबाहेर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. ५० मीटर म्हणजे माझ्या पावलाने ऐंशी-ब्याऐंशी पावले. मी ज्या एका शाळेत शेवटची काही वर्षे होते, तिच्या फाटकापासून वीस पावलांवर पानटपरीवजा दुकानात रंगीत पाकिटांच्या माळा टांगलेल्या असत, आणि पाच रुपयांत मुलाला वाऱ्याने फुगलेली मसालेदार कुरकुर मिळे. त्याच फाटकापाशी एक आजी टोपलीत बोरे, चिंचा, आवळे आणि हंगामात करवंदे घेऊन बसत. तपासणी आली की आजींना उठवले जाई, कारण त्या रस्त्यावर होत्या. दुकान पक्के होते, पाकिटावर परवाना क्रमांक होता, त्याला काही बाधत नसे. नियम चांगला आहे. पण नियमाचा रोख पदार्थावर आणि हात टोपलीवर, असे होत असे. मी तेव्हा काही बोलले नाही. आम्ही शिक्षक डबे तपासत असू, मुलांच्या डब्यातल्या नूडल्सवरून आयांना चिठ्ठ्या पाठवत असू आणि स्वतः मधल्या सुट्टीत बाहेरून समोसे मागवत असू.

सरकारी आणि महापालिकेच्या शाळांतला दुपारचा आहार या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांचा राग येतो. त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण ठरलेले आहे. शहर इथे स्वतः गिऱ्हाईक असते, आणि मोठे गिऱ्हाईक बाजाराला वळण लावू शकते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई पिकते, ती आमच्याकडे उपवासाची भगर आणि उन्हाळ्यातले पापड एवढ्यापुरती उरली आहे. शाळेच्या ताटात, दवाखान्यांच्या खानावळीत आणि सरकारी बैठकांच्या बशीत आठवड्यातून दोनदा नागली आली, तर एकही भाषण न करता ती शहराच्या तोंडात परत बसेल. बैठकांच्या बशीत सध्या काय असते ते सांगत नाही. तळलेले असते.

नाशिकमध्ये तळलेल्याचा आणि तर्रीचा विषय निघाला की माणसे सावध होतात. मिसळीविरुद्ध लिहून या गावात राहायचे आहे का, असे मला घरातूनच विचारले गेले. तेव्हा स्पष्ट करते की मिसळीतल्या मोड आलेल्या मटकीवर माझे प्रेम आहे. अडचण आहे ती वरच्या तेलाच्या थराची, फरसाणाच्या मुठीची आणि ‘अजून एक पाव आण रे’ या वाक्याची. रविवारी पहाटे सायकली घेऊन त्र्यंबक रस्त्याला किंवा मखमलाबादकडे जाणारे कितीतरी जण परतताना मिसळीच्या दारात सायकली लावतात, आणि जाळलेले तिथेच पुन्हा भरून घेतात. मी त्यांना हसत नाही. निदान ते सायकलवर तरी होते. तळण्याच्या तेलाविषयी देशात २०१८ पासून नियम आहे. वारंवार तापवल्याने तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरता येत नाही. ही तपासणी करणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे काम. पण शहराने ठरवले तर ते वापरलेले तेल विकत घेणाऱ्याची गाडी खाऊगल्लीपर्यंत आणू शकते. भजीवाल्याला काळे तेल फेकून देणे परवडत नाही, विकणे परवडते.

इथे न्यू यॉर्क शहराच्या दोन गोष्टी आठवतात, कारण त्यांतून शहर काय करू शकते आणि काय नाही ते नीट कळते. त्या शहराच्या आरोग्य मंडळाने २००६ मध्ये हॉटेलांतल्या स्वयंपाकातून कृत्रिम ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी, हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. तो पार पडला, आणि जेवणाऱ्यांना चवीत काही गेल्याचे कळलेही नाही. त्याच मंडळाने २०१२ मध्ये गोड पेयांच्या मोठ्या पेल्यांवर, अदमासे अर्ध्या लिटरच्या वरच्या पेल्यांवर, बंदी आणली. त्यावर गदारोळ झाला आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला तो अधिकारच नाही असा निर्णय दिला. आपल्याकडे ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून देशभर दोन टक्क्यांवर आली, आणि आमच्या गल्लीत कुणी तिच्याविषयी एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकतात तशी ही गोष्ट झाली. हातातला पेला काढून घेणे वेगळे. तो माणसाला अपमान वाटतो, आणि मलाही वाटेल.

चालण्याकडे परत येते. नाशिकला खेळाडूंची वाण नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या जोडीने पुरी केली. आम्ही चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लावले. ते योग्यच झाले, पण फलक लावलेल्या त्याच चौकात रस्ता ओलांडताना मला तीन हिरवे सिग्नल वाट पाहावी लागते. विक्रमवीर कसल्याही गावात निपजतो, त्याला गाव अडवू शकत नाही. शहराची परीक्षा माझ्यासारख्या, पासष्ट किलोंच्या, किंचित दमेकरी, अर्धवट इच्छेच्या बाईवर होते.

आणि इच्छा नाही असेही नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला रविवारी रात्रीपासून लोटणारी गर्दी पाहावी. वीसेक किलोमीटरची वाट, चिखल, पाऊस, कित्येकांच्या पायांत चपला नाहीत, तरी माणसे रात्रभर चालतात. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या गावावरून जातात, तेव्हा त्यांच्यासोबत चार पावले टाकायला आमची सोसायटी मोकळी होते. तीच माणसे मंगळवारी कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला गाडीला किक मारतात. तीनशे मीटर! फेरीच्या वाटेवर त्या रात्री गाड्या नसतात, जागोजागी दिवे असतात, चहा-पाणी असते, बसायला जागा असते आणि सोबतीला माणसे असतात. डेअरीच्या वाटेवर यातले काहीच नसते.

२०१५ च्या सिंहस्थातली २९ ऑगस्टची पहिली पर्वणी आमच्या भागातल्या लोकांना अजून आठवते. बंदोबस्तासाठी रस्ते वाहनांना बंद होते. सकाळच्या गर्दीची लाट घाटाकडे गेल्यावर आमचा रस्ता इतका मोकळा झाला की मुलांनी मधोमध स्टम्प रोवले, बायका खुर्च्या घेऊन फाटकाबाहेर येऊन बसल्या आणि समोरच्या इमारतीतल्या ज्या आजोबांना मी चार वर्षांत फक्त खिडकीत पाहिले होते, ते काठी टेकत चौकापर्यंत जाऊन आले. कोलंबियातल्या बोगोटा शहरात असे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी होते. ही प्रथा १९७४ मध्ये सुरू झाली, आणि आता तिथे सकाळी सात ते दुपारी दोन शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते मोटारींना बंद ठेवतात आणि ते चालणाऱ्यांचे, सायकलींचे, लहान मुलांचे होतात. आपल्याकडे गुरुग्रामने २०१३ मध्ये काहीसे तसेच सुरू केले. चेन्नईने २०१४ च्या धोरणात वाहतुकीच्या पैशांतला ६० टक्के वाटा चालणे आणि सायकल यांच्यासाठी ठेवायचे ठरवले. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी आता नाशिकचे रस्ते पुन्हा खणले जात आहेत. भाविक घाटावर येतो तो पायीच येतो. त्याच्यासाठी केलेली वाट सावलीची, अखंड आणि बसायला जागा असलेली झाली, तर तो गेल्यावर पुढची बारा वर्षे ती आमची राहील.

मैदानांचे मी थोडक्यात सांगते, कारण तो विषय निघाला की माझा तोल जातो. विकास आराखड्यात मैदानासाठी जागा आरक्षित होते. ती दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही की आरक्षण ‘व्यपगत’ होते. हा शब्द सरकारी कागदाबाहेर मी कधी ऐकलेला नाही. मैदान मरते, त्याचा हा मृत्यूचा दाखला.

बायकांच्या चालण्याविषयी मात्र थोडे थांबायला हवे. जॉगिंग ट्रॅकवर माझ्या वयाच्या बायका दोन फेऱ्या मारून घरी परततात, तेव्हा आपण समजतो की त्या दमल्या. मी विचारून पाहिले. एकीने सांगितले, रक्तदाबाच्या गोळीने लघवी लागते आणि जायला जागा नाही. दुसरीने सांगितले की ती सकाळी पाणीच पीत नाही, म्हणजे प्रश्न येत नाही. तिसरीला साडेपाचला निघायचे असते, कारण सातला डबे करायचे असतात, पण शेवटच्या वळणावरचा दिवा बंद आहे आणि तिथे कुत्री असतात, म्हणून ती उजाडायची वाट पाहते आणि उजाडले की डब्यांची वेळ होते. यातल्या एकीलाही चालण्याचे फायदे सांगणाऱ्या फलकाची गरज नव्हती, आणि तो फलक मात्र फाटकावर होता. बागांमध्ये बसवलेली व्यायामाची लोखंडी यंत्रे मला वाईट वाटत नाहीत. मुले त्यांवर छान झोके घेतात. पण त्या एका यंत्राच्या पैशांत एक दिवा लागतो आणि एक बाक येतो, असा माझा साधा हिशेब आहे. दर दोनशे पावलांवर बाक असेल तर सत्तरीचा माणूस किलोमीटरभर जातो, नसेल तर फाटकापर्यंत. बसचेही तेच. शहर बससेवा २०२१ मध्ये महापालिकेकडे आली तेव्हापासून मी तिने जाते, आणि थांब्यापर्यंतचे जाणे-येणे धरले तर माझी निम्मी ४५ मिनिटे न ठरवता होऊन जातात. थांब्यावर सावली असेल त्या दिवशी जास्तच.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. आकडा ६.१ आला. “चालता ना?” डॉक्टरांनी विचारले. मी म्हटले, बुधवारी चालते, बाकीच्या दिवशी जमेल तसे. त्यांनी मान हलवली, जुनी चिठ्ठी पाहून नवी लिहिली आणि चौथी ओळ जशीच्या तशी उतरवली. औषधांच्या दुकानात या खेपेला दुसरा मुलगा होता. त्यानेही तीनच खुणा केल्या.

परतताना शाळेजवळच्या वळणावर पेरूवाल्याचा दगड दिसला नाही. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला होता आणि त्या कामात तो कुठेतरी गेला, असे त्याने सांगितले. मी पर्समधली टेप काढली. रस्ता वर आल्यामुळे फूटपाथची कड आता सात इंच भरत होती. “अजून एक थर पडला की दगड लागणारच नाही,” पेरूवाला म्हणाला आणि अर्धा किलो पेरू तोलून त्याने पिशवीत घातले. मीठ लावू का, असेही विचारले. मी नको म्हटले.